पेनड्राइव्ह दिसत नाही? घाबरू नका, ‘फॉरमॅट’ दाबू नका

लकडगंजमधून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतो आहोत.

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे काय आमचं काम? हे तर घरातल्या पोट्ट्यांचं काम. आम्हीही तसंच म्हणत होतो. पण आता गटाचा हिशेब संगणकावर असतो, बँकेत द्यायचं कर्जाचं प्रकरण टाइप करून लागतं आणि मालाची लेबलं प्रिंटरवर छापावी लागतात. मुलगा कॉलेजात असतो, नवरा कामावर असतो आणि नेमकं तेव्हाच पडद्यावर येतं, ‘यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड’. म्हणजे संगणक म्हणतो, तुम्ही काहीतरी जोडलं आहे, पण मी त्याला ओळखत नाही. अशा वेळी काय करायचं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय करायचं नाही, हे आज सांगणार आहोत. आम्ही इंजिनिअर नाही. गटाचं काम पाहणारी आमच्यातली एक जण बी.ए. आहे, बाकीच्या दहावी-बारावी. जे शिकलो ते चुकून शिकलो, आणि त्यातली एक चूक फार महाग पडली. ती आधी सांगतो, म्हणजे बाकीचं का सांगतो आहोत ते कळेल.

आमच्या गटाचा हिशेब पूर्वी रजिस्टरमध्ये असायचा. मग घरी संगणक आला, एक्सेल शिकलो आणि वाटलं, आता दोनदा कशाला लिहायचं? रजिस्टर मागे पडलं, सदस्यांच्या पासबुकांवर नोंदी करायचंही मागे पडलं. सगळं एका पेनड्राइव्हवर. एके दिवशी तो लावला आणि पडद्यावर चौकट आली: हा ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करावा लागेल, करायचा का? आम्हाला वाटलं, संगणक मागतो आहे तर द्यायला पाहिजे. आम्ही ‘हो’ दाबलं. त्यानंतर पेनड्राइव्ह अगदी छान उघडला, पण आत काहीच नव्हतं.

पुढच्या बैठकीत आमची एक मैत्रीण म्हणाली, माझे दोन हप्ते भरून झाले आहेत. दोन हप्ते म्हणजे तीन हजार रुपये. ते कुठेच लिहिलेले नव्हते. रजिस्टरमध्ये नाही, पासबुकात नाही. कोणी म्हणालं, ती खरं सांगते. कोणी काहीच म्हणालं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. शेवटी तिचं म्हणणं धरून आम्ही हप्ते जमा केले. पण चार-पाच महिन्यांनी तिने गट सोडला. भांडण झालं नाही. ती फक्त येईनाशी झाली. बचत गटाची पंचसूत्री आपण सगळ्या जणी पाठ म्हणतो: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब लेखन. पाचवं सूत्र सुटलं की बाकीची चार कशी ढिली होतात, ते आम्ही त्या दिवशी पाहिलं.

दुसरा प्रसंग त्यानंतरच्या मार्च महिन्यातला. कर्जाचं प्रकरण द्यायचं होतं. नवा पेनड्राइव्ह लावला आणि पुन्हा ‘ओळखत नाही’. सगळ्यांच्या पोटात गोळा आला. एका दुकानात नेला, तर दुकानदार न पाहताच म्हणाला, गेला तो, नवीन घ्या. तेव्हा आमच्यातल्या एक काकू बोलल्या. त्यांच्या घरी आरा मशीन आहे. लकडगंजचं नावच लाकडावरून, इथे सकाळपासून आऱ्याचा आवाज येतो. काकू म्हणाल्या, “आरा बंद पडला तर आम्ही काय मशीनच फेकून देतो का वो? आधी बटन पाहतो, मंग वायर पाहतो, मंग पट्टा पाहतो. पात्यापर्यंत तर सगळ्यात शेवटी जातो.”

हीच खरी युक्ती आहे, मैत्रिणींनो. सोप्यापासून सुरू करायचं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची. आमचा पेनड्राइव्ह संगणकाच्या मागच्या बाजूला लावला आणि तो उघडला. समोरच्या खाचेत लाकडाचा भुसा आणि धूळ बसली होती, एवढंच.

आता हे यूएसबी आहे तरी काय? पूर्वी संगणकाला माऊस वेगळ्या पिनेचा, कीबोर्ड वेगळा, प्रिंटरची जाडजूड वायर वेगळी. १९९६ साली यूएसबीचं पहिलं मानक आलं आणि या सगळ्यांसाठी एकच खाच झाली. ते ज्यांनी घडवलं त्या इंटेल कंपनीच्या चमूत अजय भट्ट हे मूळचे भारतीय अभियंते पुढे होते. त्यांचं शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झालं.

नेहमीच्या यूएसबी वायरीत आत चार बारीक तारा असतात. दोन विजेच्या, दोन बोलण्याच्या. तुम्ही वस्तू जोडली की संगणक तिला पाच व्होल्टची वीज देतो. मग विचारतो, तू कोण? वस्तू आपला ओळख क्रमांक सांगते. संगणक त्या क्रमांकाप्रमाणे आपल्याकडचा ड्रायव्हर शोधतो. ड्रायव्हर म्हणजे त्या वस्तूशी कसं बोलायचं हे सांगणारं सॉफ्टवेअर. आणि वस्तू पेनड्राइव्ह असेल तर शेवटी तिला एक अक्षर देतो, ई किंवा एफ. म्हणजे वीज, वायर, ओळख, ड्रायव्हर, अक्षर. बिघाड यातल्या कुठल्या तरी एका जागी असतो. आपण ती जागा शोधायची.

पहिली पायरी, खाच बदला. वस्तू काढा, दहा सेकंद थांबा, दुसऱ्या खाचेत लावा. डेस्कटॉप संगणक असेल तर मागच्या खाचेत लावा. मागच्या खाचा थेट आतल्या मुख्य पट्टीवर असतात, समोरच्या खाचा आतून वायरीने जोडलेल्या असतात. ती वायर ढिली होते, त्या खाचा जास्त वापराने झिजतात आणि आमच्यासारख्या वस्तीत त्यात भुसाही जातो. मधे हब किंवा जोडवायर असेल तर ती काढून टाका, वस्तू थेट लावा.

खाच साफ करायची असेल तर संगणक बंद करा, प्लग काढा आणि कोरड्या मऊ ब्रशने हलकेच झाडा. सुई किंवा टाचणी घालू नका. तोंडाने फुंकरही मारू नका, फुंकरीबरोबर ओल आत जाते.

दुसरी पायरी, वायर बदला. हे मोबाइल, प्रिंटर आणि बाहेरून लावायच्या हार्ड डिस्कसाठी. बाजारात स्वस्त वायरी मिळतात, त्यातल्या काहींत फक्त विजेच्या दोन तारा असतात. मोबाइल चार्ज होतो, म्हणून आपल्याला वाटतं वायर चांगली आहे. पण बोलायच्या तारा त्यात नाहीतच, मग संगणकाला मोबाइल दिसणार कसा? मोबाइलबरोबर आलेली वायर लावून पाहा. आणखी एक गोष्ट, मोबाइल जोडल्यावर त्याचं कुलूप उघडा, वरून खाली बोट ओढा. तिथे ‘चार्जिंग’ निवडलेलं दिसेल. त्याला दाबून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा. मालाचे फोटो मोबाइलमधून संगणकावर येत नाहीत अशी तक्रार घेऊन आलेल्या कितीतरी जणींचं काम इथेच झालं.

प्रिंटर दुसऱ्या खोलीत आहे म्हणून कोणी लांबच लांब वायर आणतं. नेहमीच्या यूएसबी वायरीची मर्यादा पाच मीटर आहे. त्याहून लांब साधी वायर लावली तर कधी चालेल, कधी नाही. प्रिंटरच जवळ आणा.

तिसरी पायरी, दुसऱ्या संगणकावर लावून पाहा. शेजारणीच्या, मुलाच्या मित्राच्या, कोणाच्याही. तिथे चालला तर वस्तू चांगली आहे, दोष आपल्या संगणकात. तिथेही नाही चालला तर दोष वस्तूत. एवढं कळलं तरी अर्धं काम झालं, आणि दुकानात गेलात तरी कोणी तुम्हाला भलतं सांगू शकणार नाही.

चौथी पायरी, संगणक नीट बंद करून सुरू करा. इथे एक गंमत आहे. विंडोज दहा आणि अकरामध्ये आपण ‘शट डाउन’ केलं तरी बऱ्याचदा संगणक पूर्ण झोपत नाही, लवकर उठता यावं म्हणून अर्धवट जागा राहतो. अडकलेली गोष्ट तशीच अडकून राहते. म्हणून ‘रीस्टार्ट’ करा. डेस्कटॉप असेल तर रीस्टार्टने जमलं नाही की ‘शट डाउन’ करा, भिंतीवरचं बटन बंद करा, मग संगणकाचं बटन अर्धा मिनिट दाबून धरा. आत उरलेली वीज निघून जाते. मग पुन्हा सुरू करा.

आणि हो, वीज कमी पडते का तेही पाहा. साध्या खाचेतून पाचशे मिलिअँपिअर वीज मिळते, आतून निळी असलेल्या खाचेतून नऊशे. बाहेरून लावायच्या हार्ड डिस्कला जास्त लागते. ती टिकटिक आवाज करते, दिसते, पुन्हा गायब होते, तर तिला मागच्या निळ्या खाचेत लावा. एकाच हबवर पंखा, दिवा, मोबाइल आणि हार्ड डिस्क लावू नका.

पाचवी पायरी जरा आतली आहे, पण घाबरायचं कारण नाही. पडद्याच्या खाली विंडोजचं जे चिन्ह असतं, त्यावर माऊसचं उजवं बटन दाबा. यादी येईल. त्यात ‘डिव्हाइस मॅनेजर’ निवडा. संगणकाला काय काय जोडलं आहे त्याचं हे हजेरीपट आहे. त्यात कुठे पिवळा त्रिकोण किंवा ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ दिसलं तर त्याच ओळीवर उजवं बटन दाबा आणि ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करा. फक्त त्याच ओळीवर. बाकीच्या ओळींना हात लावू नका, कारण तुमचा माऊस आणि कीबोर्डही यूएसबीचेच असतात. भराभर सगळं काढलं तर माऊसही बंद पडेल, मग बसा. काढून झालं की वस्तू काढा, संगणक रीस्टार्ट करा आणि वस्तू पुन्हा लावा. संगणक नव्याने ओळख करून घेतो.

वस्तू दिसते, पण दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप तुटते, असं होत असेल तर त्याच हजेरीपटात खाली ‘यूएसबी रूट हब’ आहे. त्यावर दोनदा क्लिक करा, ‘पॉवर मॅनेजमेंट’मध्ये जा. वीज वाचवण्यासाठी हे बंद करायला संगणकाला परवानगी आहे, अशा अर्थाच्या ओळीपुढे बरोबरची खूण असते. ती खूण काढा.

नवा प्रिंटर असेल तर त्याच्याबरोबरचा कागद आधी वाचा. काही प्रिंटरना आधी सॉफ्टवेअर टाकावं लागतं आणि वायर नंतर, सांगेल तेव्हा जोडावी लागते. आपल्यातल्या काही जणी बँकेच्या कामासाठी बोटाचा ठसा घेणारं यंत्र वापरतात. त्याला नुसता ड्रायव्हर पुरत नाही, आरडी सर्व्हिस नावाचं सॉफ्टवेअरही चालू असावं लागतं. यंत्राचा दिवा लागतो, पण ठसा जात नाही, तेव्हा आधी ते पाहा. हेच यंत्र मोबाइलला लावत असाल तर काही मोबाइलमध्ये सेटिंगमधून ओटीजी सुरू करावं लागतं, आणि थोडा वेळ वापरलं नाही तर ते आपोआप बंदही होतं.

आता पेनड्राइव्हचं. कधी असं होतं की पेनड्राइव्ह लावल्यावर टुंग आवाज येतो, दिवा लागतो, पण तो यादीत दिसत नाही. अशा वेळी पुन्हा विंडोजच्या चिन्हावर उजवं बटन दाबून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. तिथे पेनड्राइव्ह दिसतो आहे, पण त्याला अक्षर नाही, असं असेल तर त्यावर उजवं बटन दाबून ‘चेंज ड्राइव्ह लेटर’ करा आणि एखादं रिकामं अक्षर द्या. पण नीट ऐका, या खिडकीत ‘फॉरमॅट’ आणि ‘डिलीट’ हेही शब्द शेजारीच असतात. हात सांभाळून. आणि तिथे पेनड्राइव्हच्या जागी ‘रॉ’ किंवा ‘अनअलोकेटेड’ असं लिहिलेलं दिसलं, तर तिथून पुढे काहीही दाबू नका. खिडकी बंद करा.

कारण आता येते ती चौकट, ज्या चौकटीने आमची मैत्रीण गेली. ‘फॉरमॅट करायचा का?’ संगणक हे का विचारतो? पेनड्राइव्हवर माहिती असते आणि कोणती माहिती कुठे आहे याची एक सूचीही असते. ती सूची बिघडली की संगणकाला आतलं वाचता येत नाही. म्हणून तो म्हणतो, कोरी सूची मांडू का? म्हणजे आपलं सामान आत असतं, फक्त त्याचा पत्ता हरवलेला असतो. ‘हो’ म्हटलं की जुनी सूची पुसून नवी कोरी सूची बसते. त्यावर आपण नवं काही भरलं की जुन्या सामानाची जागाही जाते.

म्हणून त्या चौकटीवर नेहमी ‘कॅन्सल’. पेनड्राइव्ह काढा. दुसऱ्या खाचेत, दुसऱ्या संगणकावर लावून पाहा. कधी कधी तिथे सरळ उघडतो. उघडला तर आधी सगळं दुसरीकडे उतरवून घ्या, दुरुस्तीचं मग पाहा. नाहीच उघडला आणि आतली माहिती महत्त्वाची असेल, तर त्यावर नवं काही भरू नका आणि माहिती परत काढून देणाऱ्याकडे न्या. देताना दोन प्रश्न विचारा: आतली माहिती राहील ना? आणि माहिती निघाली नाही तर पैसे किती? उत्तर मिळेपर्यंत पेनड्राइव्ह हातातून सोडू नका. आमच्याकडून चुकून फॉरमॅट झालं, तेव्हाही लगेच थांबलो असतो तर बरीच माहिती मिळण्याची शक्यता होती. आम्ही त्याच दिवशी त्यावर मालाचे फोटो भरले. आम्हाला ठाऊकच नव्हतं.

ही वेळ येऊच नये म्हणून तीन सवयी आम्ही लावून घेतल्या आहेत. पहिली, पेनड्राइव्ह ओढून काढायचा नाही. फाइल बंद करायची, पेनड्राइव्हवर उजवं बटन, ‘इजेक्ट’, आणि मग काढायचा. सूची बिघडायचं एक मोठं कारण म्हणजे लिहिणं चालू असताना ओढून काढणं किंवा वीज जाणं. दुसरी, हिशेबाच्या दोन प्रती. एक कोषाध्यक्षांकडे, एक सचिवांकडे, दोन वेगळ्या घरी. पेनड्राइव्ह ही सामान इकडून तिकडे न्यायची पिशवी आहे, तिजोरी नाही. तिसरी, बैठकीतच रजिस्टर आणि पासबुक हाताने लिहायचं आणि सही घ्यायची. संगणकावर नंतर चढवायचं. रजिस्टरला ड्रायव्हर लागत नाही.

आता आमच्या बैठकीत दर महिन्याला एक जण संगणकावर बसते, पाळीपाळीने. साठीच्या काकूसुद्धा बसतात. पहिल्यांदा त्यांचा हात कापत होता. आम्ही म्हटलं, दाबून पाहा, वायर बदलल्याने काही बिघडत नाही, फक्त फॉरमॅट दाबू नका. परवा प्रिंटर बंद पडला तर त्यांनीच वायर बदलली आणि घरी जाऊन नातवाला सांगितलं. नातू म्हणाला, “आजी, तुला कसं काय जमलं?” तर त्या म्हणाल्या, “आरा चालवला आहे म्या पंधरा वर्षं. हे तर लहान मशीन आहे.”

संगणकाने वस्तू ओळखली नाही म्हणजे आपल्याला काही येत नाही, असं नाही. खाच, वायर, दुसरा संगणक, रीस्टार्ट, हजेरीपट. या पाच पायऱ्या कागदावर लिहून संगणकाजवळ चिकटवा. त्याखाली मोठ्या अक्षरात लिहा: फॉरमॅट नाही.

आणि शेवटी एक. आमची ती मैत्रीण कदाचित हे ऐकत असेल. तुझे दोन हप्ते आता रजिस्टरमध्ये शाईने लिहिलेले आहेत आणि खाली आम्हा सगळ्यांच्या सह्या आहेत. चूक आमच्या बोटाची होती. हे तेव्हाच बोलायला हवं होतं. बैठकीचा वार बदललेला नाही.